सैतानाचं बोट

जुने टीव्ही गेम दुरुस्त करणं हे माझं काम. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतल्या गाळ्यात माझ्याकडे सामुराई, मीडिया अशा नव्वदच्या दशकातल्या यंत्रांचा ढीग येतो. सगळी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या घाटणीची. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत ज्यांच्या घरी ती होती, त्यांना ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ तोंडपाठ आहेत. फॅमिकॉमवरच्याच ‘डेव्हिल वर्ल्ड’चं नाव काढलं, तर बहुतेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. गेम कसा रचावा हे कुणाला समजावून सांगायचं असेल, तर मी मात्र सुरुवात याच गेमपासून करतो.

मारिओचे जनक शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी तो 1984 मध्ये केला. बांधणी 1980 च्या ‘पॅक-मॅन’च्या वळणाची: चक्रव्यूहात ठिपके खात सुटायचं, शत्रू चुकवायचे. आपण टॅमागॉन, हिरवा पिटुकला ड्रॅगन. पण क्रूस उचलल्याशिवाय त्याला ठिपकाही खाता येत नाही आणि आगही ओकता येत नाही. क्रूसाचा जोर थोडाच वेळ टिकतो. आग लागलेल्या शत्रूचं तळलेलं अंडं होतं, तेही खायचं.

खरी गंमत पडद्याच्या वरच्या कडेला आहे. तिथे सैतान नाचत असतो. तो बोट दाखवतो, त्याचे चाकर चाक फिरवतात आणि अख्खा चक्रव्यूह सरकू लागतो. जवळपास एकही शत्रू नसताना टॅमागॉन भिंत आणि चौकट यांच्यात सापडून चिरडला जातो. म्हणजे एका जागी उभं राहणंही धोक्याचं! चाळीस वर्षांपूर्वीच्या, काही किलोबाइटांच्या गेममध्ये ही कल्पना बसवली होती, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

गेममध्ये क्रूस, बायबल, सैतान सगळंच होतं. धार्मिक चिन्हांबाबत निन्टेन्डोचं अमेरिकेतलं धोरण कडक होतं, त्यामुळे हा गेम तिकडे गेलाच नाही. युरोपात 1987 मध्ये पोहोचला.

आणि मग 2008 मध्ये मासाहिरो साकुराई यांच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या मारामारीच्या गेममध्ये तोच सैतान मदतनीस म्हणून उगवला. अमेरिकेतल्या असंख्य पोरांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते इथे. जुनं पात्र नव्या गेममध्ये आणताना पुष्कळदा नुसता चेहरा आणला जातो, ओळखीचं हसू मिळवण्यापुरता. साकुराईंनी सैतानासोबत त्याचा नियमही आणला. हा सैतान कुणाला ठोसा मारत नाही. तो बोट दाखवतो आणि पडदा सरकतो. ‘स्मॅश’मध्ये हद्दीबाहेर फेकला गेलेला बाद होतो. इथे हद्दच सरकते, मग कडेला उभा असलेला धडधाकट लढवय्याही गोत्यात येतो. 1984 ची भीती जशीच्या तशी, फक्त भिंतीऐवजी हद्द. आदरांजली द्यायची तर अशी!

2014 आणि 2018 च्या ‘स्मॅश’मध्येही सैतान टिकला. मूळ गेम 2023 मध्ये निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सेवेतून अखेर अमेरिकेत गेला. टॅमागॉनला मात्र ‘स्मॅश’च्या ऐंशीहून अधिक लढवय्यांत अजून जागा नाही, आणि ही उणीव मला खरोखर डाचते. क्रूस हाती असेपर्यंतच आग, नाहीतर नुसती पळापळ: असा लढवय्या मला त्या मैदानात बघायचा आहे.