पान्हा चोरणं

माझी मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. वजन सतराशे ग्रॅम. ती वरच्या मजल्यावर पेटीत, मी खाली वॉर्डात. दर तीन तासांनी पंप लावून बसायचे आणि पाचव्या दिवशीही बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन चमचे दूध. भेटायला आलेल्या एका बाईंनी बाटलीकडे बघून ‘एवढंच?’ म्हटलं. पुढच्या वेळी तेवढंही आलं नाही.

सहाव्या दिवशी गावाहून आजी आली. तिचा जन्म म्हशींत गेलेला. तिने माझी छाती हाताने चाचपली. दगडासारखी घट्ट झाली होती.

“भरलीयास की गं. दूध हाय. पान्हा चोरतीयास तू.”

मला रडू फुटलं. ती म्हणाली, “म्हस पान्हा चोरती म्हंजी वंगाळ नसती. तिला भ्या वाटतंय.”

मला आमची चंद्री आठवली. तिचं रेडकू मेलं आणि तिने दूध द्यायचं थांबवलं. शेजारच्या एकाने लेबल नसलेली बाटली आणून दिली होती. एक सुई टोचली की दोन मिनिटांत पान्हा फुटतो म्हणे. आजीने ती हातातसुद्धा घेतली नाही. ती चंद्रीची कास कोमट पाण्याने धुवायची, पुढ्यात आंबोण ठेवायची आणि सडांवरून अंगठा फिरवत, तिच्याशी बोलत बसायची. कधी कधी पाव तास. मग मऊ पडलेले सड भरून यायचे आणि चरवीत पहिली धार वाजायची.

त्या बाटलीत होतं ते ऑक्सिटोसिन, आणि माझ्या शरीरात अडलं होतं तेही ऑक्सिटोसिनच. दूध तयार करण्याचं काम प्रोलॅक्टिनचं. ते सोडण्याचं काम याचं. हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरतं. बाळ ओढायला लागलं की दूधग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायुपेशी त्याच्यामुळे आवळतात आणि दूध बाहेर येतं. भीती आणि वेदना नेमकी हीच वाट अडवतात. आजीला यातलं एक नावही माहीत नव्हतं.

डॉक्टरांना विचारून तिने मला वर नेलं. सिस्टरांनी बाळाला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून शाल पांघरली. तिच्या टाळूचा वास आला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. छातीत मुंग्या आल्यासारखं झालं आणि दोन्हीकडून शाल भिजली. त्याच क्षणी ओटीपोटात जोराची कळ आली. मी घाबरले, तर सिस्टर म्हणाल्या, “चांगलंय, गर्भाशय आकुंचन पावतंय.”

हेसुद्धा त्याच संप्रेरकाचं काम. हेन्री डेल यांनी 1906 मध्ये पीयूष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं हे दाखवलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांची ही साखळी प्रयोगशाळेत जोडली. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाळ बाहेर आल्याबरोबर मलाही मांडीत 10 युनिटचं इंजेक्शन दिलं होतं, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. त्या सुईने असंख्य बायकांचे जीव वाचवलेत. सुई वाईट नाही. पण ती बाळंतिणीसाठी, डॉक्टरांच्या हातात. गोठ्यात रोज दोन वेळा म्हशीला टोचायला नव्हे.

मुलीने पुढे दीड वर्ष अंगावरचं दूध घेतलं. ती शेजारच्या खोलीत रडली तरी माझा ब्लाऊज ओला व्हायचा.

तुमच्या घरात ओली बाळंतीण असेल, तर दूध येतंय का म्हणून तिला दहादा विचारू नका. बाळ तिच्या छातीशी द्या आणि खोलीचं दार लोटून घ्या.