दाराचा निळा

आमच्या घरी एक राजदूत आहे. एस्कॉर्ट्सची, १७५ सीसी, अण्णांनी १९८२ साली घेतलेली. ज्यांचे बालपण ग्रामीण महाराष्ट्रात गेले आहे त्यांना या गाडीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. दोन बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून पहाटे धूर सोडत जाणारी ती हीच. अण्णा दूधवाले नव्हते, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. २०२२ साली ते गेले आणि गाडी माझ्याकडे कोल्हापूरला आली. इंजिनाचे काम एका जुन्या मेकॅनिकने महिनाभरात करून दिले. त्यातले मला काहीच कळत नाही, त्यामुळे तो विषय इथे नको. राहिला रंग. इंजिनाला हात लावताना माणूस दहा वेळा विचार करतो, पण रंग काय, आपणही देऊ शकतो असे ज्याला त्याला वाटते. मलाही वाटले.

गाडी निळी होती. तशी ती मुळात काळी. आर.सी. बुकात रंगाच्या रकान्यात आजही 'काळा' असेच लिहिलेले आहे. १९९४ च्या मे महिन्यात आमच्या घराच्या दारा-खिडक्यांना ऑइल पेंट दिला गेला आणि डब्यात थोडा रंग उरला. काळा रंग तोवर उन्हाने विटला होता, मडगार्डला गंज दिसू लागला होता. अण्णांनी चार-पाच संध्याकाळी खर्च करून, दोन इंची ब्रशने, ती गाडी दाराच्या रंगाची करून टाकली. पेंटरला द्यायला पैसे नव्हते असे म्हणवत नाही. पैसे असते तरी त्यांनी दिले नसते. रंग बदलला तर त्याची नोंद करावी लागते हे त्यांच्या गावीही नसावे. टाकीवर ब्रशचे उभे फराटे स्पष्ट दिसत. कडेला एका ठिकाणी ब्रशचा एक केस रंगात अडकून तसाच वाळला होता.

त्या वर्षी मी दहावी झालो. जूनमध्ये अकरावीसाठी मला कोल्हापूरच्या वसतिगृहात सोडायला अण्णा याच गाडीवरून आले. फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणीतरी म्हणाले, "अरे, दार आलं बघ, दार!" पुढच्या खेपेपासून मी अण्णांना अलीकडच्या कोपऱ्यावरच थांबायला सांगू लागलो. फाटकाजवळ गाडी वळवायला जागा नाही, असे कारण दिले. जागा भरपूर होती. दोन वर्षे ते कोपऱ्यावर थांबले, पिशवी माझ्या हाती दिली, किक मारली आणि परत गेले. त्यांनी कधी काही विचारले नाही, आणि मीही पुढे इतक्या वर्षांत त्यांना काही सांगितले नाही.

तेव्हा गाडी स्वतः रंगवायची हा माझा निर्णय केवळ हौसेपोटी नव्हता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. एका सहकाऱ्याने तत्परतेने रॉबर्ट पर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' आणून दिले. १९७४ सालचे हे पुस्तक आपले काम दुसऱ्यावर सोपवणाऱ्या माणसाविषयी पुष्कळ काही सांगते. ते वाचून माझा निश्चय बळावला. पॉलिश पेपर आणला, रेड ऑक्साइडचा डबा आणला, काळ्या रंगाचे चार स्प्रे कॅन आणले. परीक्षेचे पेपर तपासून संपल्यावर गच्चीवर बैठक मांडली.

सुरुवात टूलबॉक्सच्या झाकणापासून केली, कारण ते सुटे होते आणि बिघडले तरी चालण्यासारखे होते. निळा रंग वरवर घासला, फडक्याने पुसला आणि त्यावर थेट काळा मारला. रेड ऑक्साइड उघड्या पत्र्यासाठी असते, इथे रंग आधीच आहे, असा माझा तर्क होता. पहिली दहा मिनिटे ते झाकण इतके देखणे दिसले की मी खाली जाऊन बायकोला बोलावून आणले. आम्ही वर येईपर्यंत त्यावर सुरकुत्या पडू लागल्या होत्या. तापलेल्या दुधावर साय धरावी आणि कुणी बोटाने ती सरकवावी, तसा सगळा पृष्ठभाग गोळा होत गेला. कारण नंतर कळले. स्प्रे कॅनमधले द्रावक तीव्र असते. खालचा ऑइल पेंट ते शोषून घेतो, फुगतो आणि पत्रा सोडतो. पेंटर लोक याला 'रंग उचलला' म्हणतात. दुसऱ्या प्रयत्नात एका बाजूच्या पॅनेलवर मी नोझल फार जवळ धरले आणि ओघळ आले. तिसऱ्या प्रयत्नात बऱ्यापैकी रंग बसला. मग त्यावर चुकून पेट्रोलचे बोट लागले आणि बोटाला काळे आले. ज्या रंगाला पेट्रोल चालत नाही तो पेट्रोलच्या टाकीला कसा चालावा? गाडी टेम्पोत घालून मी शिवाजी उद्यमनगर गाठले.

कोल्हापुरात 'पेंटर' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री इथेच नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' झाले आणि लोकांनी त्यांचे आडनावच बदलून टाकले. सिनेमाचा कॅमेरा बनवण्याचा त्यांचा खटाटोप १९१६ साली आनंदराव गेल्यामुळे अर्धवट राहिला. तो बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने तडीस नेला. स्वतःच करायचे, हा हट्ट या गावाला नवा नाही. पण त्यांच्याजवळ हात होता. माझ्याजवळ चार स्प्रे कॅन होते.

ज्यांच्याकडे मी गाडी नेली ते साठीच्या पुढचे, आखूड बोलणारे गृहस्थ. सुरकुतलेले झाकण त्यांनी हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"सर, हे तुमी मारलंय?"

"हो."

"आनि ह्यो निळा?"

"वडिलांनी."

ते काही बोलले नाहीत. सगळा रंग पत्र्यापर्यंत काढावा लागेल, साडेचार हजार होतील आणि दहा दिवस लागतील, एवढे सांगितले. निदान घासायचे काम तरी मी करतो, अशी मी गळ घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बहुधा सुट्टी लागली आहे हे त्यांनी ओळखले असावे.

अशा रीतीने मी आठवडाभर उद्यमनगरात जात राहिलो. रिमूव्हर लावून रंग फुगवायचा, खरवडायचा, मग आधी ऐंशीचा, नंतर दोनशेवीसचा पेपर. पुट्टी भरल्यावर पाण्यात बुडवलेला चारशेचा. पेपर हाताने नव्हे, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून चालवायचा, नाहीतर बोटांच्या रेषा पत्र्यावर उमटतात आणि रंग दिल्यावर दिसतात. मी घासलेल्या जागेवरून पेंटर डोळे मिटून तळवा फिरवीत आणि "हितं खड्डा हाय" म्हणत. मला तो खड्डा डोळे उघडे ठेवूनही दिसत नसे.

चौथ्या दिवशी टाकी उलटी करून ते तळ बघत होते. राजदूतच्या काय किंवा कुठल्याही जुन्या गाडीच्या काय, टाकीच्या तळाशी जिथे दोन पत्रे जोडले जातात तिथे पाणी आणि चिखल साठतो आणि पहिला गंज तिथेच धरतो. निळा रंग निघाला. खाली तांबूस रेड ऑक्साइडचा थर लागला, सांध्याच्या फटीतही नीट गेलेला. तो काढला तर खाली स्वच्छ पत्रा.

"ब्रश लई वाईट," पेंटर म्हणाले, "पर बूड पक्कं केलंय मानसानं. ह्ये कोन करत न्हाई. उलटं कोन बघतंय?"

तेव्हा मला तो मे महिना आठवला. फराटे कायम लक्षात राहिले होते, पण त्याआधीच्या संध्याकाळी मी पार विसरलो होतो. ओट्यावर टाकी उलटी ठेवून अण्णा दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि रॉकेलने तिचा तळ घासत बसलेले असत. मी शेजारी कादंबरी वाचत असे. "जरा धर रे," असे ते एकदा म्हणाले होते. मी एका हाताने धरली. दुसऱ्या हातात पुस्तक तसेच होते.

आपल्या समीक्षेत 'कारागिरी' हा शब्द निंदेचा आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या समासात मी स्वतः कितीदा तरी लिहिले आहे, 'कारागिरी आहे, अनुभव नाही.' कॉलिंगवुडचा भेद आपण वर्गात शिकवतो: कारागिराला काय घडवायचे ते आधीच ठाऊक असते, साधन वेगळे नि साध्य वेगळे, कलावंताला मात्र ते घडवतानाच उमगत जाते. या निकषावर उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये कलावंत एकटा मीच ठरतो. काय होणार हे मला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते, आणि जे झाले ते साय धरलेले झाकण. उलट पेंटरांना शेवट ठाऊक होता, पण तिथवर जाण्याची वाट ठरलेली नव्हती. ऊन किती आहे, हवेत ओल किती, वारा कुठून येतो यावर ते थिनर कमी-जास्त करीत. पहिला हात अगदी विरळ धुक्यासारखा देऊन थांबत. गनचा फवारा टाकीच्या बाहेर हवेत सुरू करून बाहेरच संपवीत. मी विचारले, की थिनरचे प्रमाण काय? म्हणाले, "काठीवरनं वघळताना बगायचं." साधन आणि साध्य यांतली रेघ मला तिथे काही सापडली नाही. कॉलिंगवुडचा मुद्दा इतका सरळ नाही हे मलाही ठाऊक आहे. पण समासातला माझा शेरा तर अगदी सरळ होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. चांगल्या रंगात जो हार्डनर मिसळतात त्यातली आयसोसायनेट द्रव्ये फुप्फुसांना घातक असतात, त्यांनी दमा जडू शकतो. पेंटर नाकातोंडाला हातरुमाल बांधत. मी काडतुसांचा मास्क विकत आणून दिला. त्यांनी तो आदराने खिळ्याला अडकवला. माझ्या देखत एकदाच घातला आणि "ह्यात वास कळत न्हाई" म्हणून काढला. कामाचे पैसे देऊन आपण नेमके काय काय विकत घेतो, याचा हिशेब त्या साडेचार हजारांत नव्हता.

सहाव्या दिवशी त्यांनी विचारले, "काळा का निळा? काय त्ये आज सांगा."

इतके दिवस मी हा प्रश्न टाळत आलो होतो. आर.सी. बुक काळा सांगते, कारखाना काळा सांगतो. मूळ संहिता तीच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली हे मी दर वर्षी शिकवतो, आणि मधल्या काळात ज्यांनी पदरचे घातले त्यांना दोष देऊन पुढे जातो. पण इथे पदरचे घालणारे माझे वडील होते, आणि मला आठवणारी गाडी निळीच होती. गनने तोच निळा द्यावा तर तो गुळगुळीत, चकचकीत होणार. म्हणजे अण्णांचाही नाही आणि कारखान्याचाही नाही. मी काळा सांगितला. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू मात्र तशीच ठेवा, म्हणालो. तिथे अण्णांचे फराटे अजून शाबूत होते.

पेंटरांना हे मुळीच पटले नाही. भावनेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "आत कोन बगतंय, ऱ्हाऊ द्या की. पर कडंला जुना नि नवा रंग भेटनार. तितनं सोलटनार बगा." मी हट्ट धरला. बिल घेताना साडेचारऐवजी पाच हजार सांगितले. मी घासणावळीची सूट मागणार होतो, त्याआधीच ते म्हणाले, "तुमी घासल्यालं परत घासाय लागलं, त्याचं पाचशे."

गाडी देखणी झाली आहे. टाकीत तोंड दिसते. गेल्या दिवाळीत झाकण उघडताना पाहिले तर कडेला नखाएवढा काळा रंग सुटला होता आणि खालून निळा डोकावत होता. पेंटरांना दाखवले. आतला निळा काढून दिला तर एका दिवसात नीट करून देतो, पैसे नकोत, असे ते म्हणाले. पावसाळ्याआधी आणा, एवढेच बजावले. मे महिना सुरू झाला आहे. झाकण टेबलावर आहे, त्याच्या शेजारी चारशेचा पेपर, आणि दोन्हींच्या खाली न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.