खोटी वाट

आमच्या गावी कोणाच्या घराची स्लॅब पडायची असली, की तो दिवस सणासारखा वाटे. अंगणापासून शिडीवर आणि शिडीपासून माळ्यावर माणसांची रांग उभी राही, आणि सिमेंट-खडीने भरलेली घमेली हातोहात वर चढत. लहानपणी आम्हांस कोडे पडे, एखाद्या धडधाकट गड्याने घमेले खांद्यावर घेऊन थेट वर का जाऊ नये? एवढ्या माणसांची गरजच काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले. ते मिळाले पुण्यातील एका कार्यालयात, आणि तेही मान खाली घालून.

आमचा व्यवसाय 'एफपीजीए' नावाच्या चिपमध्ये विद्युत्‌मंडले रचण्याचा. सामान्य चिपचे काम तिच्या जन्मकाळीच ठरलेले असते. ही चिप मात्र कोऱ्या पाटीसारखी हाती येते आणि तिने काय करावे ते आपण मागाहून लिहितो. झायलिंक्स कंपनीचे एक संस्थापक रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आली. तिच्यात तर्काचे अवघे ६४ ठोकळे होते. फ्रीमन १९८९ साली निवर्तले. आज मोठ्या चिपमध्ये असे कोष्ठक लाखांनी मोजले जातात. नारायणगावजवळ खोडद येथे ३० अँटेनांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिने टिपलेल्या लहरींवरील संस्कारांतही या चिपचा हातभार आहे.

या चिपमध्ये काम ठोक्याठोक्याने चालते. आमच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला २० कोटी, म्हणजे दोन ठोक्यांमधील अवधी ५ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद हा सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम एक फूट चालतो. एका ठोक्याला निघालेला संकेत पुढच्या ठोक्याआधी मुक्कामी पोहोचलाच पाहिजे. उशीर झाला, तर चिप थांबत नाही, तक्रारही करीत नाही. ती चुकीचे उत्तर खरे म्हणून पुढे पाठवते.

तेव्हा एका कारखान्यासाठी यंत्रांची कंपने मोजणारे आणि बिघाडाची आगाऊ सूचना देणारे उपकरण आम्ही घडवीत होतो. त्यातील चाळणीत ६४ गुणाकार होते आणि त्यांची बेरीज दोनच टप्प्यांत होई. प्रत्येक टप्प्यात आठ-आठ संख्या एकाच दमात मिळवावयाच्या. संगणकाने हिशेब मांडून सांगितले, या वाटेला ५.६ नॅनोसेकंद लागतात. अवघे ०.६ जास्त! मुदत संपत आली होती. तीन रात्री खटपट केली, तरी तो आकडा हलेना.

अखेर आम्ही एक युक्ती केली. काही वाटा अशा असतात, की त्यांवरील संकेत यंत्र सुरू होताना एकदाच बदलतो. तेथे वेळेचे बंधन निरर्थक ठरते. अशा वाटांची यादी 'खोट्या वाटा' म्हणून संगणकाला देता येते, आणि मग तो त्यांचा हिशेब करीत नाही. त्या यादीत आम्ही बेरजेची वाट गुपचूप घातली. तांबडी अक्षरे नाहीशी झाली. थंडगार प्रयोगशाळेत उपकरण बिनचूक चालले. पेढेही वाटले गेले.

मे महिन्यात कारखान्यातून निरोप आला. दुपारी दोननंतर उपकरण भलतेच आकडे दाखवीत होते. ऊन वाढले की चिपमधील संकेत मंदावतात, आणि संगणकाचा तो ५.६ चा आकडा अशाच कठीण दिवसासाठी काढलेला होता. सुदैवाने कामगारांनी वेळीच ओळखले आणि कोणासही इजा झाली नाही. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळी आमच्या विभागप्रमुख बाईंपुढे उभे राहून ती यादी आम्हीच दाखवली.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, वाट खरी होती, खोटे तू बोललास. आता बस, दोघे मिळून नीट करू."

त्यांनी प्रथम विचारले, "या चाळणीचे गुणक दोन्ही बाजूंनी सारखेच आहेत ना? मग आधी जोड्या मिळव आणि नंतर गुण." ६४ गुणाकारांचे ३२ झाले. मग दुसरा कोपरा पाहिला. तापमानाची दुरुस्ती करणारा भाग सेकंदात हजार वेळाच चाले, तरी त्याने १२ गुणक अडवून ठेवले होते. ते काम एकाच गुणकाला पाळीपाळीने दिले. जागा मोकळी झाली, तारांची अंतरे आखूड झाली. आणि शेवटी बेरीज. "एका दमात दोनच संख्या मिळव, उत्तर टिपून ठेव, पुढच्या ठोक्याला पुढच्याच्या हाती दे."

तेव्हा आम्हांस गावची ती रांग आठवली. पहिले घमेले वर पोहोचण्यास थोडा विलंब लागे हे खरे. पण मग दर क्षणाला एक घमेले वर पडे, आणि कोणाचीच कंबर मोडत नसे. आमचेही तसेच झाले. उत्तर चार ठोके, म्हणजे २० नॅनोसेकंद, उशिरा येऊ लागले. परंतु सर्वांत लांब वाट ४.३ नॅनोसेकंदांवर आली, आणि खोट्या वाटांच्या यादीत फक्त खरोखरच्या खोट्या वाटा उरल्या. जूनमध्ये चिप मुद्दाम तापवून दिवसभर चालवली, तेव्हा एकही आकडा चुकला नाही.

आज आमच्या हाताखाली तरुण मुले-मुली काम करतात. अडल्यावर तेही तांबड्या अक्षरांकडे रागाने पाहतात. आम्ही त्यांना ही गोष्ट सांगतो, आपले नाव न लपवता. ती अक्षरे आपली वैरी नव्हेत. उन्हाळा येण्याआधी उन्हाळ्याची वार्ता देणारी ती माणसे आहेत, असे समजावे. त्यांचे तोंड बंद करता येते. ऊन मात्र बंद करता येत नाही.