कोरा अर्ज

मृग निघाला की आमच्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याला जेवायला सवड नसते. बियाण्याची उगवणशक्ती तपासा, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके घ्या, खताच्या तक्रारी ऐका, दिवस कसा सरतो ते कळत नाही. पण गेली काही वर्षे याच दिवसांत आणखी एक प्रश्न हमखास येतो. पारावरची सभा संपते, माणसे उठतात आणि एखादा शेतकरी टोपी सारखी करीत मागे रेंगाळतो. सगळे पांगले की हळूच विचारतो, "साहेब, पोरीच्या फीचा काय अर्ज असतोय म्हणं. आपल्याला बसंल का त्यो?"

हाच माणूस ठिबकच्या अनुदानाचे चारचौघांत विचारतो. फळबागेचे विचारतो. पीकविम्याचे तर भांडून विचारतो. फीच्या अर्जाचे मात्र कानात! हा संकोच माझ्या चांगला ओळखीचा आहे. त्याची किंमत आमच्या घराने एकदा मोजलेली आहे. ती हकीकत मी कोणाला सांगितली नव्हती. आज सांगतो.

आमचे गाव माण तालुक्यातले. सात एकर जिराईत आणि एक विहीर, तीही शिमग्याला तळ दाखवणारी. बाजरी, ज्वारी, मटकी यांवर घर चालायचे आणि हातात रोख पैसा यायचा तो एका पंढरपुरी म्हशीचा. डेअरीचा दुधाचा पगार झाला की तेल-मीठ, वह्या-पुस्तके, आजारपण सारे त्यातून निघायचे. १९८८ साली मी बारावी पास झालो आणि कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.ला माझा नंबर लागला. गावात पेढे वाटले. पण फी, वसतिगृह आणि खानावळ यांचा हिशोब मांडल्यावर आबा बराच वेळ गप्प बसले.

त्या काळी गरीब घरच्या विद्यार्थ्यांना फीमाफी असे. तिला सगळे ई.बी.सी. म्हणत. आमच्या शाळेच्या गुरुजींनी आबांना ते समजावले. आबांनी दोन खेपा घालून उत्पन्नाचा दाखला मिळवला. घडी मोडू नये म्हणून पंचांगात ठेवला आणि मी निघालो तेव्हा तसाच काढून माझ्या हातात दिला. "एवढा अर्ज तेवढा भर," इतकेच म्हणाले.

मी महाविद्यालयात गेलो. कोरा अर्ज घेतला. खोलीतले सोबती ऊसवाल्या बागायती गावांतले होते. मनाने चांगले होते, पण त्यांच्या अंगावरचे कपडे आणि माझे कपडे यांत अंतर होते. सवलतवाल्यांची कार्यालयापुढे वेगळी रांग लागे आणि नावांची यादी फलकावर चिकटवत. मी दोनदा त्या रांगेत उभा राहिलो. दोन्ही वेळा ओळखीचे कोणी येताना दिसले आणि मी पाणी प्यायला जातोय असे दाखवून रांगेतून निघालो. तिसऱ्यांदा गेलोच नाही. मुदत टळली. अर्ज आणि दाखला ट्रंकेच्या तळाशी गेले, आणि मी आबांना पत्र लिहिले, "आपला अर्ज बसला नाही. फी भरावी लागेल."

आबांनी एक शब्द विचारला नाही. पंधरा दिवसांनी मनिऑर्डर आली. म्हैस विकली होती.

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण दहावीला बसली. शाळेत मुलींत पहिली आली. तिला अकरावीला तालुक्याला जायचे होते, पुढे मास्तरीण व्हायचे होते. पण दावण रिकामी होती. दुधाचा पगार बंद, त्यात माझी खानावळ. येण्याजाण्याचा खर्च आणि कपडा-लत्ता कशातून करणार? "पुढच्या साली बघू," आबा म्हणाले. ते पुढचे साल आले नाही. बहीण लोकांच्या शेतात खुरपणीला, कांद्याच्या लागणीला रोजाने जाऊ लागली. तीन वर्षांनी तिचे लग्न झाले. त्याच सुमारास मी पदवीधर झालो, पुढे नोकरीला लागलो. आमच्या गावातला मी पहिला कृषी पदवीधर, म्हणून माझा सत्कारही झाला. हार घालताना समोर बहीण बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

आता २०२५ ची गोष्ट. याच बहिणीच्या शेंडेफळाने, माझ्या भाचीने, सीईटी दिली आणि शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून तिला एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीला जागा मिळाली. बहिणीचा फोन आला, "दादा, ये बाबा. ह्यांचं काय तरी भलतंच चाललंय."

गेलो. ओसरीवर कागद पसरले होते. दाजी साडेतीन एकरांचे धनी, कष्टाळू, मानी माणूस. म्हणाले, "पावणं, पोरगी शिकवायला माझी ना न्हाय. कर्ज काढीन. पण तहसीलदाराकडं जाऊन 'मी गरीब हाय' असं लिहून आणायचं, त्यो कागद चार ठिकाणी फिरणार. उद्या पोरीला स्थळं यायची हायेत. लोक काय म्हणतील?"

मी त्यांना आधी कायदा सांगितला. जुलै २०२४ मधल्या शासन निर्णयाने, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलींसाठी ती आहे. आधी ही सवलत निम्म्या फीची होती. "८ लाखांच्या आतला दाखला म्हणजे दारिद्र्याचा शिक्का नव्हे, दाजी. आपल्या तालुक्यातली बहुतेक घरं त्यात बसतात."

दाजी गप्प, पण मान हलेना. मग मी शाहू महाराजांचे नाव काढले. मुलांसाठी असलेली निम्म्या फीची योजना त्यांच्याच नावाने चालते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, ती भीक म्हणून नव्हे. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि त्यातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या अन्नावर शिकलेली किती माणसे पुढे मोठी झाली! त्यांना कोणी भिकारी म्हटले का?

तरी दाजी म्हणाले, "ती मोठी माणसं. आपलं येगळं."

तेव्हा माझा बांध फुटला. मी खाली बघत सांगून टाकले. रांग, यादी, ट्रंक, पत्र, म्हैस, सगळे. "आबांचा अर्ज नामंजूर झाला नव्हता. मी तो भरलाच नव्हता. माझ्या लाजेपायी म्हैस गेली आणि हिची शाळा गेली."

ओसरीवर कोणी बोलेना. बहीण तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "मला ठाऊक हाय, दादा."

मी वर पाहिले.

"तू दिवाळीला आलास तवा तुझी कापडं धुवायला काढली मी. ट्रंकेच्या तळाला कोरा अर्ज हुता. आबांचा दाखला बी त्यातच. मला वाचता येत हुतं की."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"आबांना सांगितलं असतं तर त्यांनी तुला माघारी बोलावलं असतं. मग दोघंबी घरीच बसलो असतो. त्यापरास एक तरी शिकू दे म्हटलं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "माझी लाज तवा कुणी इचारली न्हाय. रोजानं दुसऱ्याच्या रानात गेले, त्याची लाज न्हाय वाटली तुमच्या लोकांना. आता पोरीच्या कागदाची वाटती व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वतः तलाठ्याकडे गेले.

वाचकहो, त्या महिनाभरात भाचीच्या अर्जाबरोबर मीही पुष्कळ शिकलो. ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, दाखल्याला वेळेवर लागा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो आणि त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. प्रवेशाच्या दिवसांत सगळा तालुका एकदम आपले सरकार सेवा केंद्रापुढे उभा राहतो. वाफसा गेल्यावर पाभर धरून काय उपयोग? एप्रिल-मेमध्ये उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि लागत असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेयरचा दाखला घरात आणून ठेवा. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने दाखले ठराविक दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्जाची पोचपावती जपून ठेवा. आणि उत्पन्न खरे तेच लिहा. खोटा दाखला काढणारा दुसऱ्या गरजू पोराच्या तोंडचा घास काढतो.

दुसरी गोष्ट नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे, हे आपल्याकडे घरोघरी आहे. अर्ज अडतो तो इथेच. पोरगे दहावीत असतानाच ही नावे जुळवून घ्या.

तिसरी गोष्ट खात्याची. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे हवे आणि शासनाचा पैसा आधारवरून ज्या खात्यात उतरतो तेच ते खाते हवे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झाले असे नाही. दोन-तीन खाती असली तरी असा पैसा एकाच खात्यात येतो. बँकेत स्पष्ट विचारा, "माझ्या आधारला डीबीटीसाठी कोणते खाते जोडलेले आहे?"

चौथी गोष्ट जागेची. प्रवेश केंद्रीय फेरीतलाच हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला ही माफी मिळत नाही. गडबडीत पैसे भरून जागा धरण्याआधी हे विचारा. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च आपल्याला करावाच लागतो. त्यासाठी अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी, तिची उत्पन्नाची मर्यादाही वेगळी. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीचे पत्रक महाविद्यालयात वाचून घ्या.

पाचवी गोष्ट आम्ही ठेच खाऊन शिकलो. महाडीबीटीचा अर्ज एका केंद्रावर भरला. भरणाऱ्याने घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. महिन्याने अर्जात एक कागद अस्पष्ट आहे म्हणून तो परत आला आणि निरोप त्याच्या फोनवर गेला. तो दिवसाला शंभर अर्ज भरणारा माणूस, त्याला काय आठवणार? भाचीनेच एके दिवशी सहज उघडून पाहिले म्हणून कळले. मुदतीला चार दिवस उरले होते. कागद पुन्हा जोडला आणि अर्ज पुढे गेला. तेव्हा नंबर आपला घाला, परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवा, अर्जाची छापील प्रत घ्या आणि दर आठवड्याला अर्ज कुठे पोचला ते पाहा. पेरून घरी बसणारा शेतकरी पीक घेत नाही. आणि हो, हे दरवर्षी करायचे असते. नूतनीकरणाचा अर्ज राहिला की त्या वर्षाची सवलत गेली.

भाचीचा अर्ज मंजूर झाला. पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा मी विचारले, "कार्यालयात अर्ज द्यायला गेलीस तेव्हा लाज वाटली का गं?" तिला प्रश्नच कळला नाही. "कशाची लाज, मामा? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचा अर्ज आहे. मीच आठजणींचे भरून दिले." बहीण चुलीपुढे होती. ती काही बोलली नाही, पण भाकरी थापता थापता हसली. तिला इतके मोकळे हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

माझ्या हातून गेले ते परत येणार नाही. बहिणीने मला क्षमा केली आहे, पण तिची अकरावी मी तिला देऊ शकत नाही. म्हणून एवढेच करतो. आता पारावर कोणी मागे रेंगाळून कानात विचारले, "पोरीच्या फीचा अर्ज असतोय का?" तर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "असतो. उद्याच दाखल्याला जा." पांगलेली माणसे मग माघारी वळतात. त्यांतल्या दोघा-तिघांना तेच विचारायचे असते.