अळणी पाव

फ्लॉरेन्समधल्या पहिल्याच सकाळी पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि हात थांबला. मिठाचा कणही नव्हता. भट्टीवाला मीठ घालायला विसरला असेल असं वाटलं. पण तिथला पाव असाच असतो, पिढ्यान्‌पिढ्या अळणी. करकरीत जाड पापुद्रा, आत जाळी पडलेला मऊ गर, आणि चव नुसत्या गव्हाची. तिसऱ्या दिवशी मला तो आवडायला लागला, आणि दान्ते आठवला.

'डिव्हाइन कॉमेडी'च्या स्वर्गखंडात दान्तेचा एक पूर्वज त्याच्या हद्दपारीचं भविष्य वर्तवतो, त्यात परक्याच्या पावातल्या मिठाचा उल्लेख येतो. इतकी वर्षं मी ते रूपक म्हणून वाचलं होतं. अळणी पावावर वाढलेल्या जिभेला, हद्दपारीत आसरा घेतलेल्या व्हेरोनात, रोज पहिल्या घासालाच कळत असणार, की हे आपलं घर नाही.

१३०० साली दोन महिने तो फ्लॉरेन्सच्या सर्वोच्च कारभाऱ्यांपैकी एक होता. पुढच्या वर्षी पोप बोनिफास आठवा याच्याकडे शिष्टाईला गेला, आणि पाठीमागे विरोधी गटाने शहर ताब्यात घेतलं. जानेवारी १३०२ मध्ये अफरातफरीचा ठपका आणि पाच हजार फ्लोरिन दंड. मार्चमध्ये हुकूम, सापडला तर जिवंत जाळा. छत्तिशीच्या माणसाचं गाव सुटलं ते कायमचं. 

पण माझा जीव अडकतो तो १३१५ पाशी. शहराने माफी देऊ केली. थोडा दंड भरायचा, आणि ज्या सान जोव्हान्नीत त्याचा बाप्तिस्मा झाला तिथेच अपराध्यासारखं उभं राहायचं. घर दिसत होतं, दार उघडं होतं. त्याने नकार कळवला. गावासाठी एवढा झुरणारा माणूस गावाला नाही म्हणतो, तेव्हा आत काय काय तुटलं असेल! शहराने पुन्हा मृत्युदंड ठोठावला, या वेळी मुलांसकट.

खाल्ल्या मिठाला मात्र तो जागला. आश्रय देणाऱ्या रावेन्नाच्या ग्विदो नोवेल्लोसाठी तो व्हेनिसला वकिलीला गेला, तिथून परतताना त्याला हिवताप जडला, आणि सप्टेंबर १३२१ मध्ये त्याने रावेन्नातच डोळे मिटले.

मग फ्लॉरेन्सला अस्थी हव्या झाल्या. १५१९ मध्ये फ्लॉरेन्सच्याच घराण्यातल्या पोपने परवानगी दिली; शवपेटी उघडली तर रिकामी. फ्रान्सिस्कन साधूंनी मठाच्या बाजूने भिंत फोडून अस्थी काढून घेतल्या होत्या. १८६५ साली दुरुस्तीच्या कामात मजुरांना भिंतीत एक लाकडी पेटी सापडली. तोवर फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचेत त्याची भव्य समाधी बांधूनही झाली होती. ती आजही रिकामीच आहे.

रावेन्नातली समाधी लहानशी आहे. आत छताला एक दिवा टांगलेला असतो. त्याचं तेल दर सप्टेंबरात फ्लॉरेन्सहून येतं. त्या दिव्याखाली मी बराच वेळ उभी होते.

बाहेर कोपऱ्यावर तव्यावरची गरम पियादिना घेतली, आपल्या पोळीपेक्षा जाडसर. चेर्व्हियाची जुनी मिठागरं इथून जवळच. पहिल्याच घासाला मीठ लागलं.