रंगांआधी रकाने

जीआयएस शिकवताना आधी नकाशा हाती द्यावा की आधी तक्ता, या प्रश्नावर माझे मत पूर्ण फिरले आहे. कित्येक वर्षे मी नकाशाच्या बाजूने होते. आता तक्त्याच्या बाजूने आहे, आणि इतकी ठाम आहे की त्यापायी प्रशिक्षणाचे पहिले दोन दिवस मी मुळापासून बदलले. हे मत कसे बदलले ते सांगायला हवे, कारण माझ्यासारखेच शिकवणारे अनेक जण आहेत आणि त्यांच्याशी मला याच मुद्द्यावर बोलायचे आहे.

माझ्या वर्गात भूगोलाचे एम.एस्सी. करणारी मुले-मुली असतात, स्थापत्य अभियंते असतात, कृषी खात्यातली, पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थांतली माणसे असतात, आणि तलाठी असतात. त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावात त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. या सगळ्यांना मी एकाच दारातून आत नेत असे. पहिल्या तासाला कॅनडा: १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशभरातल्या जमिनीच्या प्रतवारीचे नकाशे संगणकावर एकत्र आणायचे ठरवले आणि त्यातून ही विद्या उभी राहिली. मग क्यूजीआयएस उघडायचे, जिल्ह्याचे तालुके आणायचे, पावसाच्या आकड्यांप्रमाणे फिकट ते गडद निळा रंग भरायचा. तासाभरात प्रत्येकाच्या पडद्यावर स्वतः केलेला नकाशा. चेहरे उजळायचे. त्या उजळण्यावर माझा भरवसा होता. माणूस आधी आनंदला की मग कष्टाचे शिकायला तयार होतो, असे मी मानत असे, आणि अजूनही त्यात तथ्य आहे असे मला वाटते.

तक्त्याला मात्र मी चार-दोन मिनिटे देत असे. ‘हे एक्सेलसारखेच आहे, तुम्हाला येतेच’ म्हणून पुढे सरकायचे. वर्गाची प्रतवारीही माझ्या मनात ठरलेली होती. भूगोलवाली मुले पुढे, अभियंते मध्ये, महसूलवाले मागे. माउसवर हात बसायला त्यांना वेळ लागतो, म्हणून त्यांच्या शेजारी एखादा चुणचुणीत विद्यार्थी बसवायचा.

अशाच एका मिश्र वर्गात गावाच्या गटांचा थर आणि सातबाऱ्यावरून केलेली क्षेत्राची यादी एकमेकांना जोडायची होती. यादीत क्षेत्राचा रकाना होता आणि त्यात आकडे होते १.४०.५० असे, म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा संगणकाला आकडा वाटत नाही. तो त्याला मजकूर समजतो, त्याची बेरीज करत नाही आणि त्यावरून रंगांच्या पायऱ्याही पाडत नाही. मुलांनी झटकन उपाय काढला. दुसरे टिंब उडवले, १.४०५० झाले. हिशेबाने हे बरोबर आहे. बेरीज आली, नकाशा रंगला, सगळे पुढच्या कामाला लागले.

मागच्या बाकावर निवृत्तीला आलेले एक तलाठी होते. त्यांनी बेरजेकडे पाहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, ही बेरीज गाव नमुना एकशी बसणार नाही.’

‘फरक किती आहे, भाऊसाहेब?’ शेजारच्या मुलीने विचारले.

‘फरक मागाहून काढा. आधी ते एक-चार-पाच बघा. कुणीतरी शून्यं खाल्लीत. ते आहे एक हेक्टर चार आर पाच मीटर. तुम्ही टिंब काढल्यावर झालं एक हेक्टर पंचेचाळीस आर.’

म्हणजे एका ओळीत एकराहून थोडे अधिक क्षेत्र वाढले होते आणि पडद्यावरचा नकाशा तितकाच देखणा दिसत होता. त्यांनी मग पुढचेही दाखवले. यादीत लागवडीयोग्य क्षेत्र होते, पोटखराबा वेगळ्या रकान्यात राहिला होता. नकाशातला गट मात्र पोटखराब्यासह सगळ्या जमिनीचा. दोन्हींची तुलना करून ‘नकाशात क्षेत्र जास्त येते’ असा निष्कर्ष काढायला आमचा वर्ग निघाला होता.

त्यानंतर मी त्यांना पुढे बसवले आणि ऐकत गेले. पोटहिश्शांचा प्रश्न आला. नकाशात गट १२ हा एकच तुकडा. यादीत १२/१, १२/२अ, १२/२ब. एक्सेलने १२/१ चे परस्पर बारा जानेवारी करून टाकले होते, ते आधी निस्तरले. उरलेल्या जोडणीत क्यूजीआयएस एका तुकड्याला जुळणारी पहिलीच ओळ चिकटवते. म्हणजे पहिल्या हिश्शात ऊस असेल तर सगळा गट उसाचा. एकाला अनेक, हे नाते माहितीशास्त्रात शिकवायला मला अर्धा दिवस लागत असे आणि तरी ते निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून जाई. भाऊसाहेबांनी ते एका वाक्यात सांगितले: कागदावर भाऊ वेगळे झाले, पण पोटहिश्शाची मोजणी झाली नाही, म्हणून नकाशात अजून रेघ पडलेली नाही. वर्गातल्या निम्म्या लोकांच्या घरी हेच झालेले होते. समजावून सांगायला काही उरलेच नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले की, ज्यांना मी मागे बसवत होते ती माणसे जीआयएस हयातभर चालवत आली आहेत. एका बाजूला गाव नकाशा, दुसऱ्या बाजूला गाव नमुन्यांची दप्तरे, आणि दोन्हींना बांधणारा गट क्रमांक. आकृती, नोंद आणि दोहोंत समान असलेली एक खूण, याखेरीज जीआयएसचा गाभा दुसरा काय आहे? आणि आपल्याकडे हे कॅनडाच्या कितीतरी आधीचे आहे. प्रिंगलची जमाबंदी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी बसवली. त्या पद्धतीत प्रत्येक शेत मोजायचे, त्याच्या हद्दीला दगड आणि वरवंड्या घालायच्या, त्याला क्रमांक द्यायचा आणि त्याच क्रमांकाखाली वहीत क्षेत्र, प्रत, आकार लिहायचा. पुढे १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण आले, जिथे ते झाले तिथे सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणारा आणखी एक तक्ता जन्माला आला. महसूल गोळा करण्यासाठी उभारलेली ही व्यवस्था होती आणि तिने शेतकऱ्याला सुख दिले असे मी म्हणणार नाही. पण नकाशा आणि नोंद एकमेकांना कशी बांधावी हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. माझ्या पहिल्या तासात आता टॉमलिन्सन यांच्या आधी इंदापूर येते.

फेरफार तर मला फारच मोलाचा वाटू लागला आहे. सातबाऱ्यावर जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत, त्याला कंस करतात. बदल कोणत्या फेरफाराने झाला त्याचा क्रमांक शेजारी राहतो आणि त्या क्रमांकावरून कारण, तारीख, मंजुरी सगळे सापडते. आमचे विद्यार्थी मात्र थरातली रेघ सरकवतात, जतन करतात आणि आधी काय होते ते कायमचे जाते. सहा महिन्यांनी कुणी विचारले की ही विहीर नाल्याच्या अलीकडे कधी आली, तर उत्तर नसते. माझ्या वर्गात आता प्रत्येक थराला कुणी बदलले, कधी आणि कशावरून, असे तीन रकाने सक्तीचे आहेत.

लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्याचा नकाशाही मी वेगळ्या रीतीने सांगते. पूर्वी जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि त्याभोवती दाटलेल्या खुणा एवढेच दाखवायचे. पण स्नो यांनी आधी नोंदणी कार्यालयातून मृत्यूंची यादी उतरवून घेतली होती, आणि ती यादी घेऊन ते घरोघर पाणी कुठून आणता हे विचारत फिरले होते. त्यांच्या पुराव्यातली फार मोठी नोंद दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेची होती. त्या पंपाचे पाणी आवडते म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेई. तिचे घर त्या प्रसिद्ध नकाशाच्या चौकटीत येतच नाही. तक्त्यात ती आहे, नकाशात नाही. हे सांगितले की वर्ग गप्प होतो आणि मग प्रश्न येऊ लागतात, चांगले प्रश्न: आपल्या पाणीटंचाईच्या नकाशात टँकर भरतो ती विहीर कुठे आहे?

अभियंत्यांसाठी हा क्रम अधिकच गरजेचा ठरला. ऑटोकॅडमध्ये रेघ म्हणजे रेघ. तिचा रंग आणि थर सांगितला की काम झाले. जलवाहिनीची रेघ जीआयएसमध्ये आणली की तिच्यामागे व्यास, धातू, टाकल्याचे साल, शेवटची दुरुस्ती अशी ओळ लागते. ती ओळ रिकामी ठेवून नुसती रेघ आणणारे अभियंते मी पुष्कळ पाहिले. तक्ता आधी भरायला लावला की ते स्वतःच सांगू लागतात, या पाइपचे साल कुणालाच ठाऊक नाही. कामाची सुरुवात तिथून होते.

माझे काही सहकारी या क्रमाच्या विरोधात आहेत. त्यांचे म्हणणे, पहिल्या दिवशी गावांची नावे आणि टिंबे तपासायला लावली तर मुले कंटाळून पळतील. नोकरी देणारे पायथन विचारतात, सातबारा विचारत नाहीत. कंटाळ्याची भीती मलाही होती. आता मी प्रत्येकाला येताना आपल्या गावचा एक सातबारा आणि गाव नकाशा आणायला सांगते. शहरातली मुले मिळकत पत्रिका आणतात. आपल्या आजोबांचे नाव कंसात गेलेले पाहणाऱ्या मुलाला कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव आहे. पायथनही शिकवावेच. पण देवनागरीतली गावांची नावे फाइल उघडताच प्रश्नचिन्हांची रांग होतात, एकाच जिल्ह्यात पिंपळगाव आणि वडगाव पुन्हा पुन्हा येतात, म्हणून नावावर विसंबू नये आणि जनगणनेचा गाव-संकेतांक धरावा, एवढे ज्याला कळले नाही त्याचे पायथन तीच गफलत हजार गावांत एका क्षणात करील.

प्रक्षेपणाचा आग्रह मी सोडलेला नाही. फक्त त्याची जागा बदलली. आपल्या राज्यातून ७८ अंश पूर्व रेखावृत्त जाते, आणि यूटीएमच्या ४३ व ४४ या पट्ट्यांची सीमा तीच आहे. अमरावती शहर एका पट्ट्यात, वर्धा दुसऱ्या. दोन्हीकडचे थर एकाच पट्ट्याचे समजून एकत्र आणले की वर्धा शेकडो किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडते. पूर्वी हे मी गोलाचे चित्र काढून पहिल्या दिवशी शिकवत असे. आता तिसऱ्या दिवशी विदर्भातल्या कुणाचा तरी थर असा भरकटतो, तेव्हा शिकवते, आणि सगळा वर्ग मान वर करून ऐकतो.

रंगसंगती, दिशादर्शक बाण, मापपट्टी, नेटकी सूची हे सारे मला आजही मनापासून आवडते. उत्तम नकाशा पाहून मला जो आनंद होतो तो कमी झालेला नाही. पण तो मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवते.

माझी एक मागणी आहे, आणि ती मी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपुढे जिथे संधी मिळेल तिथे मांडते. भूमाहितीशास्त्राच्या प्रत्येक पदविकेत जमिनीच्या अभिलेखांवर एक पूर्ण विषय असावा, त्यात आकारबंद, फाळणी, टिपण, फेरफार शिकवले जावेत, आणि ते शिकवायला निवृत्त भूकरमापक आणि तलाठी यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे. शंकू साखळीने प्रत्यक्ष मोजणी केलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही म्हणून नियम आडवे येत असतील, तर ते नियम बदलून घ्यावेत.