माधुकरी आणि नांगी

मराठीत मधमाशी ‘चावते’. व्याकरणाची त्याला हरकत नाही, प्राणिशास्त्राची आहे. ती नांगी खुपसते; नांगीला उलटे काटे असल्याने ती विषाच्या पिशवीसकट आपल्या कातडीत राहते. माशी मरते, पण पिशवी आणखी काही वेळ विष ओतीत असते. आपल्या साहित्याने या माशीचे एकच रूप लाडाने जपले: फुलाला न दुखविता मध नेणारी. गरीब विद्यार्थ्याच्या भिक्षेला ‘माधुकरी’ हे नाव तिच्यावरूनच मिळाले. नांगीचे खाते वाक्प्रचारांकडे राहिले. आग्या मोहोळ उठते ते तिथे.

भंडारा आणि भामचंद्र हे तुकोबांच्या एकांताचे डोंगर. त्यांच्या परिसरात आता चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे, आणि इकडे पिंपरी-चिंचवडमध्ये इमारती आकाशाला भिडल्या आहेत. आग्या माशीला उंच, आडोशाची पण उघडी जागा लागते. कडा नसेल तर बाराव्या मजल्याचा सज्जा किंवा कारखान्याची पाण्याची टाकी तिला चालते. हंगाम सरला की ती उठून जाते आणि पुष्कळदा पुढल्या वर्षी त्याच जागी परतते. अतिक्रमण कोणी कोणावर केले, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत सहसा निघत नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याला असेच एक पोळे लागले होते. ते काढायला आलेल्या दोन पोरांनी भर दुपारी टेंभा लावला. माशा उतरल्या त्या फाटकावर बसलेल्या पहारेकऱ्यावर, ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता. पोळे हटविण्याचा निर्णय घेणारे खिडक्या लावून आत असतात. बाहेर बसणे ही ज्याची नोकरी, डंख त्याला. त्याला आत ओढून घेतल्यावर कोणी चुना आणला, कोणी लोखंडी किल्ली घासू लागले. खेड तालुक्यातून येणारी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मात्र, “काका, हात हलवू नका,” म्हणत ओळखपत्राच्या कडेने नांग्या खरवडीत सुटली. सदतीस निघाल्या. तेवढ्यात काका म्हणाले, “घसा दाटतोय.” रुग्णालयात मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन टोचले, तेव्हा त्यांचा श्वास मोकळा झाला.

त्या मुलीचे बरोबर होते. नांगी खरवडून काढावी की चिमटीत धरून, हा वाद गौण. ती लवकर निघणे महत्त्वाचे. नंतर साबण-पाणी आणि बर्फ. चुना वरच राहतो, विष कातडीखाली उतरलेले असते. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणे, दम लागणे, भोवळ यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत मिनिटेही दवडू नयेत. १०८ ला फोन करावा. ज्याला एकदा असा त्रास झाला त्याला पुढचा एक डंखही जड जाऊ शकतो. आणि डंख शेकड्यांनी असतील तर वावडे नसतानाही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. माणूस बरा दिसला तरी त्याला देखरेखीखाली ठेवायला हवे.

हल्ला झालाच तर हातवारे करू नयेत. डंखासोबत सुटणारा केळ्यासारखा वास इतर माश्यांना बोलावतो. तोंड झाकून सरळ पळावे आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे; पाण्यात उडी मारण्यात अर्थ नाही, माशा वर घिरट्या घालीत राहतात. पोळ्याखाली शेकोटी, फटाके, उग्र अत्तर टाळावे, हे गडावर जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सहलीच्या सूचनांतच सांगतो.

मधमाश्यांवर संशोधन आणि प्रशिक्षण करणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. टेंभा बोलाविण्याआधी जाणकाराला विचारणे इथे तरी अवघड नसावे. मोहोळ हलवायचेच असेल तर ते प्रशिक्षित माणसाने, पुरेशा साधनांनिशी, खालची वर्दळ थांबवून हलवावे. त्यासाठी फाटकावरच्या माणसाला आदल्या दिवशी सांगावे लागते, आणि त्याची खुर्ची आत घ्यावी लागते.